जुनी मॉडेल कार मासिकं स्कॅन करताना: मोजता येईल अशी प्रत कशी तयार करायची

जुन्या मॉडेल कार मासिकांचे स्कॅन आता बऱ्यापैकी सापडतात, पण त्यातले बरेचसे मॉडेल बनवण्याच्या कामाला येत नाहीत. लेख वाचता येतो, पण आराखड्यावर पट्टी ठेवली की माप चुकतं. शिवणीजवळची अक्षरं सावलीत बुडालेली असतात. जाहिरातीतल्या किटचा (मॉडेल जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचा) लाल रंग केशरी झालेला असतो आणि फोटोंवर आडवेतिडवे पट्टे उमटलेले असतात. ज्यांनी हे स्कॅन केले त्यांनी कष्टात कसर ठेवलेली नसते. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो: मासिक हातात आलं की थेट स्कॅनर सुरू होतो, आणि जे आधी ठरवायला हवं होतं ते शेवटी आठवतं.

मॉडेल बनवणारा माणूस मासिक नुसतं वाचत नाही, त्यातून मापं घेतो. पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १०८ इंच, म्हणजे २,७४३ मिलिमीटर. १/२५ मापात तो १०९.७ मिलिमीटर होतो. स्कॅनमध्ये दोन टक्के फरक पडला तर मॉडेलवर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चूक येते आणि चाक कमानीच्या मध्यावर बसत नाही. म्हणून खालचा प्रत्येक टप्पा एकाच कसोटीवर लावला आहे: या फाइलवरून खात्रीने माप घेता येईल का?

## टप्पा १: आधी शोधा, मग मोजदाद करा

तुमच्याकडचा अंक कुणी आधीच नीट स्कॅन केला आहे का ते पाहा. इंटरनेट अर्काइव्हवर मासिकाचं नाव, वर्ष आणि महिना टाकून शोधा. अंक सापडला तर लगेच समाधान मानू नका. एखादं आराखड्याचं पान उघडून शंभर टक्के आकारात बघा. रेषा तुटक असतील, घडीचं पान गाळलेलं असेल किंवा पान तिरकं असेल, तर तुमचं काम वाया जाणार नाही.

मग अंकाची पानोपानी मोजदाद करा. मॉडेल मासिकांत पानं गायब असण्याची कारणं ठरलेली असतात. कुणीतरी आराखडा कापून घेतलेला असतो, स्पर्धेचं कूपन भरून पाठवलेलं असतं, मधलं रंगीत जोडपान भिंतीवर लावायला काढलेलं असतं. वहीत प्रत्येक अंकासाठी एवढं लिहा:

- मासिकाचं नाव, खंड, अंक क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना आणि वर्ष
- मुखपृष्ठ धरून एकूण पानं, आणि छापील पानक्रमांक कुठून सुरू होतो
- कापलेली, फाटलेली, गहाळ पानं
- मध्ये घातलेल्या सुट्या वस्तू: वर्गणीचं कार्ड, डिकलचा (मॉडेलवर चिकटवायच्या छापील क्रमांक-चित्रांचा) कागद, घडीचा आराखडा, आणि त्या कुठल्या दोन पानांच्या मध्ये होत्या

शेवटची नोंद सगळ्यात जास्त राहून जाते. सुटा कागद बाजूला काढला की तो कुठल्या लेखाचा हे दोन अंकांनंतर कुणालाच सांगता येत नाही.

गठ्ठ्यातून सुरुवात कुठून करायची? न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेल्या अंकांपासून. त्या कागदात लिग्निन जास्त असतं. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, आतल्या आम्लामुळे ठिसूळ होतो, आणि घडीवर तुटायला लागतो. गुळगुळीत आर्ट पेपरचे अंक थांबू शकतात, फक्त ते ओलसर जागी नसावेत.

सावध: आर्ट पेपरची पानं ओली होऊन एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून सोडवू नका. कागदावरचा गुळगुळीत थर छपाईसकट निघून येतो. असा अंक बाजूला ठेवा आणि कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्याला दाखवा.

## टप्पा २: कोरडी सफाई

मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने धूळ झाडा, पान उलटा, पुन्हा झाडा. शिवणीत अडकलेली धूळ आणि कागदाचे कण इथेच काढले नाहीत तर ते पुढे स्कॅनरच्या काचेवर जाऊन बसतात. एकच कण मग पुढच्या वीस पानांवर त्याच जागी दिसतो.

पाणी, ओला कपडा, स्पिरिट यातलं काहीही पानाला लावायचं नाही. न्यूजप्रिंटवर खोडरबरही नको, तंतू निघतात. जुनी चिकटपट्टी दिसली तर तशीच राहू द्या; ती ओढताना खालची अक्षरं सोबत येतात. पट्टीखालचं पुसट दिसतं ते स्कॅननंतर वापरायच्या प्रतीत सुधारता येतं, उपटलेलं परत येत नाही.

बुरशी दिसली तर तो अंक लगेच वेगळ्या पिशवीत घाला. आधी कोरड्या, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. मग मास्क लावून, घराबाहेर आणि बाकी गठ्ठ्यापासून दूर झाडा. ओलसर बुरशीवर ब्रश फिरवला की ती पानभर पसरते.

## टप्पा ३: पिना काढायच्या की नाही?

मधोमध पिना मारलेला अंक उघडून काचेवर दाबला तर शिवणीजवळची सुमारे बोटभर पट्टी काचेपासून उचललेली राहते. तिथलं माप आखडतं आणि सावली पडते. दोन पानांवर पसरलेला आराखडा नेमका तिथेच बिघडतो. म्हणून पिनांचा अंक सुटा करणं मी योग्य मानतो, कारण तो पुन्हा जसाच्या तसा जोडता येतो. डिंकाने कण्याला चिकटवलेला अंक मात्र कापू नका. तो परत पूर्वीसारखा होत नाही. त्याच अंकाची दुसरी, फाटकी प्रत हाताशी असेल तर तिचा विचार करता येईल.

पिना काढण्याची पद्धत:

१. अंक मधल्या जोडपानावर उघडून सपाट ठेवा. पिनेची वळलेली टोकं इथे दिसतात.
२. टोकाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, म्हणजे हत्यार कागदाला लागणार नाही.
३. बोथट, चपट्या पात्याने एकेक टोक सावकाश उभं करा.
४. अंक मिटा आणि कण्याच्या बाजूने पिन सरळ बाहेर ओढा.

कार्यालयात मिळणारा चिमट्यासारखा पिन-काढा इथे वापरू नका. तो दोन्ही बाजूंनी कागद उचलतो आणि छिद्रं फाटतात. पिन गंजून कागदाला धरली असेल तर टोकं उभी केल्यावर जागच्या जागी अगदी थोडी हलवून बघा, ओढू नका. गंज कागदात उतरलाच असेल तर पिन पकडीने मधोमध तोडून दोन तुकड्यांत काढणं जास्त सुरक्षित.

तपासा: सुट्या झालेल्या प्रत्येक तावाच्या एका बाजूवर दोन पानं शेजारी असतात. त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त येते. ६४ पानांच्या अंकात १ आणि ६४, २ आणि ६३, १७ आणि ४८: प्रत्येक वेळी ६५. एखाद्या तावाची बेरीज चुकली तर तो ताव दुसऱ्या अंकातला आहे, किंवा कुणीतरी आधी अंक उघडून चुकीचा जोडला आहे. मुखपृष्ठाचा ताव क्रमांकात धरलेला नसेल तर तो वगळून बेरीज करा.

## टप्पा ४: साधन निवडा

सुट्या पानांसाठी सपाट काचेचा स्कॅनर सगळ्यात भरवशाचा. त्यातही शक्य असेल तर सीसीडी सेन्सरचा घ्या. बारीक, हलके सीआयएस स्कॅनर काचेला पूर्ण टेकलेला कागदच स्पष्ट टिपतात. पान दोन मिलिमीटर उचललं गेलं की अक्षरं धूसर होतात. जुनी, घडीवर सुरकुतलेली पानं काचेला पूर्ण टेकतीलच असं नाही.

पानं आपोआप आत ओढणारा फीडर जुन्या मासिकांसाठी अजिबात नको. ठिसूळ पानाचा कोपरा अडकून पान फाटतं, आणि रोलरवरून जाताना पान किंचित घसरलं की लांबीचं मापही बिघडतं.

न कापता येणाऱ्या अंकासाठी कॅमेरा वापरा. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून, मॅक्रो लेन्स, छिद्र एफ ८ च्या आसपास, आयएसओ १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही न बदललेली मूळ नोंद), दोन सेकंदांचा टायमर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दोन दिवे, खोलीतले बाकीचे दिवे बंद. अंक पूर्ण सपाट उघडण्याचा हट्ट धरू नका. साधारण १०० ते १२० अंशांच्या पाळण्यात ठेवून आधी सगळी उजवी पानं टिपा, मग अंक फिरवून सगळी डावी.

कॅमेऱ्यात मापाची चूक येते ती बहुतेक कॅमेरा तिरका असल्यामुळे. त्यावर सोपा उपाय आहे. पान ज्या पातळीवर ठेवणार तिथे लहान सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसलं तर कॅमेरा समांतर आहे. बाजूला सरकलेलं दिसलं तर स्टँडचे स्क्रू हलवत ते मध्यावर आणा. पाळणा वापरत असाल तर आरसा पाळण्याच्या उतारावर, म्हणजे पानाच्याच पातळीवर ठेवायचा.

कॅमेऱ्याची मर्यादाही लक्षात घ्या. ६,००० बाय ४,००० पिक्सेलच्या सेन्सरवर ए४ पान चौकटभर घेतलं तर इंचाला पाचशेच्या आत पिक्सेल मिळतात, जोडपान एकत्र घेतलं तर साधारण ३४०. लेखासाठी हे पुरतं. बारीक रेषांच्या आराखड्यासाठी पान अर्ध्या अर्ध्या भागांत टिपावं लागतं.

## टप्पा ५: सेटिंग्ज ठरवा आणि चाचणी पान काढा

सगळ्या गठ्ठ्यासाठी एकच नियम ठेवला की गोंधळ होत नाही:

- साधा मजकूर आणि फोटो: ४०० पीपीआय (इंचाला तेवढे पिक्सेल)
- आराखडे, डिकल, मुखपृष्ठ, बॉक्स आर्टच्या (किटच्या खोक्यावरच्या चित्रांच्या) जाहिराती: ६०० पीपीआय
- सगळी पानं २४ बिट रंगीत, काळीपांढरीसुद्धा (डिकल मात्र ४८ बिट, टप्पा ७ पाहा)
- फाइल टिफ, कॉम्प्रेशन नाही किंवा एलझेडडब्ल्यू (तपशील न गमावता फाइल लहान करणारी पद्धत)

३०० पीपीआयवर अक्षरं वाचता येतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण इंजिनच्या आराखड्यातल्या केसाएवढ्या रेषा आणि किटच्या बारीक भागांचे क्रमांक तिथे मोडतात. काळ्यापांढऱ्या पानासाठी एक बिटचं सेटिंग घेणं ही त्याहून मोठी चूक. त्यात करड्या छटा पूर्ण जातात, तुटक रेषा आणखी तुटतात, आणि आधीच्या मालकाने पेन्सिलीने काढलेली खूण शाईसारखी गडद होते.

जागेचा हिशेब आधीच करा. ए४ पान ६०० पीपीआयला सुमारे १०४ एमबी होतं, ४०० ला सुमारे ४६ एमबी. मुखपृष्ठासह ६८ पानांचा अंक पूर्ण ६०० ला घेतला तर सात जीबी, ४०० ला तीन जीबीच्या थोडा वर.

आता स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं 'आपोआप' नावाचं सगळं बंद करा: आपोआप उजेड, आपोआप रंगसुधारणा, धूळ काढणं, धार वाढवणं, कडा कापणं, पान सरळ करणं, छपाईची जाळी घालवणं. यातलं एकही चालू राहिलं तर प्रत्येक पान वेगळ्या रंगाचं येतं, कारण यंत्र प्रत्येक पानाचा वेगळा अंदाज बांधतं. पिवळं मुखपृष्ठ फिकं होतं, रात्रीच्या शर्यतीचा फोटो उजळतो.

फोटोंवरचे पट्टे छपाईतल्या ठिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकांवर आल्यामुळे दिसतात. कमी पीपीआयवर स्कॅन केलं की ते हमखास येतात. ज्या पानावर असे फोटो जास्त आहेत ते ६०० ला घ्या. पुढे वापरायची प्रत करताना चित्र किंचित मऊ करून मग लहान केलं की पट्टे जातात. स्कॅनरची जाळी घालवण्याची सोय हेच काम आंधळेपणाने करते आणि सोबत आराखड्यातल्या रेषाही मऊ करते.

चाचणी पानाची रीत अशी: काचेवर स्टीलची पट्टी आधी लांबीच्या दिशेने, मग रुंदीच्या दिशेने ठेवून दोन स्कॅन घ्या. तिसऱ्या स्कॅनमध्ये मानक रंगपट्टी घ्या. आता पट्टीवरचे २०० मिलिमीटर किती पिक्सेलमध्ये आले ते मोजा. ६०० पीपीआयला ते ४,७२४ यायला हवेत. रुंदीकडचं अंतर सेन्सरवर ठरतं आणि लांबीकडचं मोटरवर, त्यामुळे दोन्हींत वेगवेगळी चूक असू शकते. एकाच दिशेने मोजून दोन्हीचा निष्कर्ष काढू नका.

तपासा: २०० मिलिमीटरला वीसेक पिक्सेलपर्यंतचा फरक म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. तो नोंदवून पुढे जा. फरक त्याहून जास्त असेल तर स्कॅनर बदला, किंवा प्रत्येक दिशेची दुरुस्ती टक्क्यांत लिहून ठेवा आणि वापरायच्या प्रतीत लावा. मास्टर फाइल, म्हणजे स्कॅनरमधून आलेली मूळ फाइल, हात न लावता तशीच ठेवायची.

## टप्पा ६: स्कॅन

स्पिरिट किंवा काचेचा फवारा थेट काचेवर मारू नका, कडेने आत उतरतो. सूत न सुटणाऱ्या कापडावर घ्या आणि मग काच पुसा. काच पूर्ण वाळल्यावरच पान ठेवा.

प्रत्येक पानाच्या मागे काळा कागद ठेवा. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते, कारण झाकणाचा पांढरा रंग उजेड परत फेकतो. काळ्या कागदाने पान किंचित करडं दिसेल, ते नंतर उजळता येतं. आरपार दिसणारी अक्षरं मात्र नंतर काढता येत नाहीत.

पान काचेच्या कोपऱ्याला चिकटवून ठेवू नका. चारही बाजूंनी थोडा काळा भाग दिसला पाहिजे, म्हणजे पान पूर्ण आलं याचा पुरावा फाइलमध्येच राहतो. कोपऱ्याला टेकवलेल्या पानाची एक-दोन मिलिमीटर कड बऱ्याच स्कॅनरमध्ये कापली जाते.

क्रम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ठेवा. सुटे ताव असतील तर आधी सगळ्या तावांची एक बाजू आणि मग दुसरी घेण्याचा मोह होतो, कारण हात चालता राहतो. तसं करायचं असेल तर तावांना मऊ पेन्सिलीने खालच्या कोपऱ्यात अगदी हलकी खूण करा आणि दोन बाजूंच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. जाहिरातींची पानं, कोरी पानं, वर्गणीची कार्डं गाळू नका. कुठलं किट कधी बाजारात आलं हे कित्येकदा फक्त जाहिरातीवरूनच कळतं.

तपासा: दर दहा पानांनंतर थांबा. शेवटची फाइल शंभर टक्के आकारात उघडा. एका कोपऱ्यातलं अक्षर, मधला फोटो आणि शिवणीजवळची ओळ, तिन्ही स्पष्ट हवीत. उभी बारीक रेघ दिसली तर सेन्सरसमोर कण आहे. मागच्या दहा पानांवरही ती असेल, ती पुन्हा घ्या.

## टप्पा ७: आराखडे, घडीची पानं आणि डिकल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मासिकाचा बाकी भाग कुणीही पुन्हा स्कॅन करू शकेल. घडीचा आराखडा पुढच्या वेळी उघडताना कदाचित घडीवरच तुटेल.

घडीचं पान उलगडून काही तास दोन स्वच्छ कागदांमध्ये, वर सपाट वजन ठेवून राहू द्या. इस्त्री नको, वाफ नको. काचेवर एका वेळी मावत नसेल तर तुकड्यांत घ्या, आणि शेजारच्या दोन तुकड्यांत किमान पाव भाग सामाईक ठेवा. प्रत्येक वेळी पान फक्त सरकवायचं, फिरवायचं नाही. एक तुकडा आडवा आणि दुसरा उभा घेतला तर लांबी-रुंदीच्या वेगळ्या चुका एकमेकांत मिसळतात आणि जोड जुळत नाही.

तुकडे जोडायला फोटोंचा पॅनोरमा बनवणारी सॉफ्टवेअर सरसकट वापरू नका. ती लेन्सची वक्रता गृहीत धरून चित्र ताणतात. दिसायला जोड सुंदर, माप चुकीचं. गिम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने जोडणं जास्त खात्रीचं. दोन तुकडे दोन थरांत ठेवा आणि वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' करा. जिथे दोन्ही तंतोतंत जुळतात तिथे काळं दिसतं, जिथे फरक आहे तिथे रेषा दुहेरी उजळतात. वरचा थर बाणाच्या बटणांनी एकेक पिक्सेल सरकवत सामाईक भाग काळा करा. एक टोक जुळतं आणि दुसरं जुळत नाही असं झालं तर पान काचेवर किंचित फिरलं होतं. तेवढा थर दशांश अंशाने फिरवा. कडेकडेने अंतर वाढतच गेलं तर ताणून जुळवू नका, पुन्हा स्कॅन करा.

जोडल्यावर मोजा. आराखड्यावर छापील मापपट्टी असेल तर तिच्यावरून, नसेल तर त्या गाडीच्या कारखान्याने दिलेल्या व्हीलबेसवरून. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुना कागद ओलाव्याने फुगतो आणि कोरडा झाला की आखडतो, तेही आडवं आणि उभं सारख्या प्रमाणात नाही. म्हणजे स्कॅनर अचूक असला तरी आराखडा मूळ मापापासून थोडा हललेला असू शकतो. छापताना मासिकानेच तो लहान केलेला असणंही अशक्य नाही. म्हणून दोन्ही आकडे लिहून ठेवा: स्कॅनरची चूक आणि आराखड्याची चूक. दोन्ही एकत्र करून एकच 'दुरुस्ती' लावली तर पुढच्या माणसाला काय बदललं होतं हे उलगडत नाही.

सावध: आराखडा छापून बघताना प्रिंटरच्या 'पानात बसवा' या पर्यायावर खूण राहिली तर तो तीन-चार टक्के लहान छापला जातो. १/२४ आणि १/२५ मधला फरकच सुमारे चार टक्क्यांचा आहे, त्यामुळे चूक पटकन लक्षातही येत नाही. 'मूळ आकार' निवडा आणि कागदावर पट्टी लावून बघा. माप मुद्दाम बदलायचं असेल तर १/२५ चा आराखडा १/२४ साठी १०४.१७ टक्के, १/३२ साठी ७८.१ टक्के, १/४३ साठी ५८.१ टक्के.

डिकलचा कागद पाण्याने सुटणारा असतो, म्हणून हात कोरडे आणि कागद कडांनीच धरायचा. त्यावर जोर देऊन झाकण दाबू नका, जुनी फिल्म तडकते. पांढऱ्या शाईतले शर्यतीचे क्रमांक फिकट कागदावर साध्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. ६०० पीपीआय आणि ४८ बिट रंगात स्कॅन घ्या. मग वापरायच्या प्रतीत उजळ भागाचा कर्व्ह ओढला की पांढरं आणि कागद वेगळे होतात. तरीही नाही दिसलं तर कॅमेरा वर ठेवून दिवा कागदाच्या जवळजवळ समांतर पाडा. शाईच्या आणि फिल्मच्या कडा बारीक सावलीने उठून दिसतात. असा एक फोटो स्कॅनसोबत ठेवावाच, फिल्म कुठे कापायची ते त्यावरूनच समजतं.

दोन पानांवर पसरलेला पण मधल्या तावावर नसलेला आराखडा असेल तर त्याचे दोन भाग वेगवेगळ्या तावांवर असतात आणि छपाईत एकमेकांपासून थोडे सरकलेले असू शकतात. तिथे रेषा जुळवण्यापेक्षा शिवण ओलांडून जाणारं ज्ञात माप जुळवा.

## टप्पा ८: नावं आणि मास्टर फाइल

फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि अंकांतच द्या, मोकळी जागा न सोडता, म्हणजे कुठल्याही संगणकावर ती त्याच क्रमाने लागते. क्रम असा: मासिकाचं छोटं नाव, वर्ष-महिना, अंक, पान. शेवटचा भाग नेहमी चार अंकी, म्हणजे ०००१, ०००२. वर्ष आधी आणि महिना दोन अंकी, म्हणजे १९६६-०३. नाहीतर ऑक्टोबर जानेवारीनंतर लगेच येऊन बसतो.

फाइलचा क्रमांक छापील पानावरून घेऊ नका. मुखपृष्ठ ०००१, त्याची आतली बाजू ०००२, असं प्रत्यक्ष उलटत जाल तसं मोजा. छापील क्रमांक वहीतल्या तक्त्यात शेजारी लिहा. घडीच्या पानाला त्याच क्रमांकापुढे a, b अशी रोमन अक्षरं लावा.

एका अंकाचा एक फोल्डर, त्यात तीन उपफोल्डर: मास्टर, वापरायची प्रत, आणि नोंदी. नोंदींमध्ये चाचणी पानं, सेटिंग्ज, दुरुस्तीचे टक्के आणि मोजदाद. मास्टर फोल्डर त्याच दिवशी 'फक्त वाचण्यासाठी' करून टाका. फिरवणं, कापणं, उजळणं, सगळं प्रतीवर. मास्टरवर एकदा रंग बदलून जतन केलं की मूळ छटा परत आणायचा मार्ग उरत नाही.

## टप्पा ९: वापरायची प्रत आणि शोधता येणारा मजकूर

क्रम ठरलेला ठेवा: आधी पान सरळ, मग कडा, मग उजेड आणि रंग, मग लहान करणं, आणि शेवटी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर करणं. तिरक्या पानावर ओसीआर चालवलं तर दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत घुसतात. स्कॅनटेलर हे सॉफ्टवेअर सरळ करण्याचं काम चांगलं करतं, पण त्यातली वाकलेलं पान सपाट करण्याची सोय आराखड्याच्या पानावर चालवू नका. ती अक्षरांच्या ओळींवरून अंदाज बांधते आणि रेषा ताणते.

पिवळेपणा पूर्ण पांढरा करण्याच्या मागे लागू नका. कागद पांढरा करताना सोबत फिकट निळे आणि पिवळे रंगही उडतात, आणि गाडीच्या रंगाचा लेख निरुपयोगी होतो. अक्षरं सहज वाचता आली की थांबा.

टेसरॅक्ट या ओसीआर इंजिनवर चालणारं ओसीआरमायपीडीएफ हे सॉफ्टवेअर चित्रामागे मजकुराचा थर ठेवून पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतन करायच्या प्रकारची पीडीएफ) फाइल देतं. लेखाचा मजकूर बऱ्यापैकी अचूक येतो. चुकतात ते नेमके आपल्याला लागणारे आकडे: १/२५ मधला पाच एस होतो, रंगाच्या क्रमांकातलं शून्य ओ होतं, आठ बी होतो. किट क्रमांक, रंगाचे क्रमांक, गाड्यांची नावं आणि वर्षं एवढ्यांची यादी प्रत्येक अंकासाठी हाताने टंकून नोंदींत ठेवा. बाकी मजकूर सुधारत बसण्यापेक्षा ही यादी शोधायला जास्त उपयोगी पडते.

जेपेग फाइल पुन्हा पुन्हा उघडून जतन करू नका, प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो. बदल करायचा असेल तर मास्टरपासून नवी प्रत काढा.

## टप्पा १०: शेवटची तपासणी, मगच पिना

अंक परत जोडण्याआधी हे सगळं करा, कारण एखादं पान पुन्हा घ्यायचं असेल तर आत्ताच घेता येतं.

- फाइलची संख्या आणि मोजदादीतली पानं जुळवा.
- फोल्डर आकाराप्रमाणे लावा. बाकीच्यांपेक्षा खूप लहान फाइल अर्धवट किंवा चुकीच्या सेटिंगची असते.
- सगळी पानं लहान चित्रांत एकत्र बघा. दोनदा आलेलं किंवा उलटं पान इथे लगेच डोळ्यांत भरतं.
- मास्टर फाइलचे एसएचए-२५६ आकडे (फाइलमधल्या डेटावरून संगणक काढतो ते ओळख-आकडे) काढून नोंदींत ठेवा. पुढे कधीही फाइल एका बिटने बदलली तरी हा आकडा जुळणार नाही.

मग प्रती. एकूण तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. रेड (RAID) डिस्कला, म्हणजे एकच फाइल आपोआप दोन डिस्कवर ठेवणाऱ्या जोडणीला, दुसरी प्रत समजू नका. चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून पुसते. वर्षातून एकदा एसएचए आकडे पुन्हा काढून जुळवा. न जुळणारी फाइल दुसऱ्या प्रतीवरून बदला, आणि त्याची तारीख लिहा.

फाइल इतरांना देण्याआधी हक्क तपासा. मासिक बंद पडलं म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत. या छंदातली पुष्कळ मासिकं अमेरिकेतली आहेत. तिथे १९६४ ते १९७७ मध्ये हक्कसूचनेसह निघालेल्या अंकांचं संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षं आहे. १९६३ आणि त्याआधीच्या अंकांना २८व्या वर्षी नूतनीकरण करावं लागत असे, त्यामुळे तिथे प्रत्येक मासिकाची नोंद वेगळी पाहावी लागते. लेख, फोटो आणि आराखडे यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडेही असू शकतात. शंका असेल तिथे विषयसूची आणि किट क्रमांकांची यादी खुली करा. पूर्ण पानं हक्कदाराची परवानगी मिळेपर्यंत जवळ ठेवा.

## टप्पा ११: मूळ अंक परत ठेवणं

ताव बेरजेने जुळवून क्रम लावा, सुटी कार्डं आणि डिकल नोंदीप्रमाणे जागेवर ठेवा. डिकल मात्र आम्लरहित कागदाच्या घडीत घालून, नाहीतर समोरच्या पानाला चिकटेल. पिना नव्या घालायच्या तर न गंजणाऱ्या स्टीलच्या, आणि जुन्याच छिद्रांतून. ठिसूळ अंकाला पिना नकोतच. सुटे ताव आम्लरहित फोल्डरमध्ये राहू द्या.

पिशव्या पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. पीव्हीसीची पिशवी कालांतराने चिकट होते आणि छपाई उचलते. जागा उजेडापासून दूर, १८ ते २० अंश सेल्सिअस आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता असलेली हवी. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं, म्हणून माळा आणि तळघर टाळा. फोल्डरवर पेन्सिलीने तेच नाव लिहा जे संगणकावरच्या फोल्डरला दिलं आहे, आणि गहाळ पानं असतील तर त्यांचे क्रमांकही. दुसरी प्रत हाती आली की कुठलं पान शोधायचं ते फोल्डर न उघडता कळेल.